आकडे जुळले म्हणजे खरे झाले का?

पीक विम्याचा विषय निघाला की आपल्या लोणी काळभोरात मला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "सगळीकडचा उतारा सारखाच आलाय, मग चुकीचा कसा?"

याचं उत्तर शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या माणसानं ऐंशी वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, गाव बुध. दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत ते संख्याशास्त्रज्ञ होते.

उतारा काढायचा तर शेतात तुकडा आखून पीक कापायचं. बंगालात प्रा. महालनोबीस अगदी छोटे तुकडे घेत. काम झटपट, खर्च कमी. सुखात्म्यांनी लहान-मोठे तुकडे कापून ताडून पाहिले, तर लहान तुकड्यांचा उतारा जास्तच भरायचा! कारण साधं. कडेवरची रोपं मोजणारा आत ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितका कडेचा वाटा मोठा. १९४६ साली 'नेचर'मध्ये त्यांनी हे मांडलं.

असे हजार तुकडे कापले तरी आकडे एकमेकांशी जुळतील, पण सगळेच फुगलेले. आपसात जुळणं वेगळं आणि खऱ्याशी जुळणं वेगळं.

आजही विम्याची भरपाई कापणी प्रयोगातल्या सरासरीवर ठरते. उतारा फुगला की भरपाई आटली. म्हणून सांगतो, आपल्या शिवारात प्रयोग असेल त्या दिवशी बांधावर हजर राहा. दोरी कुठं ताणली आणि कडेचं रोप कुणीकडं गेलं, तेवढं बघा.