खाडा

बँकेत वीस वर्षे कारकुनी केल्यावर माणसाला दोन गोष्टी पक्क्या कळतात. एक म्हणजे दुसऱ्याच्या पैशाची बेरीज कधी चुकत नाही, चुकते ती स्वतःच्या पैशाची. आणि दुसरी म्हणजे सौभाग्यवतीने दिलेला डबा अकरा वाजताच संपवला, की दीड वाजता पुन्हा भूक लागते. या दुसऱ्या ज्ञानामुळे मी मुंबईचा इतिहास शिकलो. कॉलेजात काही शिकलो नाही. मी बी.कॉम.; आमच्या अभ्यासक्रमात इतिहास होता तो फक्त बुडीत खात्यांचा. पण दर तीन-चार वर्षांनी बदली होत गेली, आणि प्रत्येक शाखेच्या खाली, शेजारी किंवा समोर एक हॉटेल निघाले. (हॉटेल म्हणजे अर्थात जिथे मिसळ मिळते ते. जिथे झोपायची सोय असते त्याला आपण लॉज म्हणतो, आणि तेही जरा संशयाने म्हणतो.)

पहिली शाखा धोबीतलावाजवळची. तिथे इराणी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणातल्या यझ्द आणि केरमान भागांतून जी जरथुष्ट्री मंडळी मुंबईला आली, त्यांनी ही हॉटेले काढली. धोबीतलावचे कयानी १९०४ सालचे. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून हिंदू दुकानदार घेत नसत, ती इराण्यांनी घेतली, असे सांगतात. खरेखोटे वास्तुशास्त्री जाणोत. मी कारकून, मला एवढेच कळते की कोपऱ्याला दोन रस्त्यांचे गिऱ्हाईक मिळते, आणि हे कळायला बी.कॉम. व्हावे लागत नाही.

इराण्याकडे मी ब्रून मस्का खायला शिकलो. शिकलो असेच म्हणायला हवे. पहिल्या दिवशी कोरडा ब्रून चावला आणि टाळू सोलून निघाली. समोर बसलेल्या अनोळखी पारशीबाबांनी न बोलता आपला ब्रून चहात बुडवून दाखवला. मग चहावर लोण्याचे पिवळे थेंब तरंगू लागतात, आणि शेवटचा घोट चहाचा की सूपचा ते ठरवता येत नाही. टेबलावर संगमरवर, भिंतीवर आरसे, आणि त्या आरशांतून गल्ल्यावरच्या मालकाला सगळे हॉटेल दिसत असे. शिवाय काय काय करू नये याची पाटी. अशाच पाटीवरून निसिम इझिकेल यांनी इंग्रजीत एक कविताही केली आहे. पण पाटीवर एक गोष्ट कधीच नसे, ती म्हणजे तुमची जात कोणती. एक पानी-कम चहा घ्या आणि वर्तमानपत्र छोट्या जाहिरातींपर्यंत वाचून काढा. शेजारी हमाल बसो की वकील.

हे आज साधे वाटते. पण त्या काळी गावात 'ब्राह्मणांचे उपाहारगृह' अशा पाट्या सर्रास असत, आणि ती पाटी नुसती स्वच्छतेची जाहिरात नव्हती; दारात कुणी थांबायचे तेही ती सांगत असे. संविधान लागू झाले २६ जानेवारी १९५० ला. त्याच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि विहिरींबरोबर उपाहारगृहांचाही स्पष्ट उल्लेख आहे. आपण बटाटेवडा मागवताना संविधानाला स्मरत नाही, पण शेजारच्या खुर्चीवर कोण बसले आहे हे विचारण्याची सोय त्याने काढून घेतली, हे लक्षात ठेवलेले बरे. बटाटेवड्यावरून आठवले, दादरचे मामा काणे १९१० पासूनचे. तिथल्या वड्याबद्दल मी तटस्थपणे लिहू शकत नाही, म्हणून लिहीत नाही.

नंतर माटुंगा. तिथे उडुपी. स्टेशनला लागून ए. रामा नायक यांचे श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे. पुढच्याच वर्षी मुंबईत रेशनिंग आले, म्हणजे मुहूर्त काही फार सोयीचा नव्हता. केळीच्या पानावर इतक्या वेगाने वाढतात, की आपण 'नको' मधला 'न' उच्चारेपर्यंत सांबार भाताच्या तटबंदीला येऊन भिडलेले असते. दक्षिण कानड्यातून पोरवयात आलेली मुले अशा हॉटेलांतून दिवसा कपबश्या विसळत आणि रात्री कानडी रात्रशाळेत जात. त्यांतली काही पुढे मालक झाली. आमच्या बँकेत शिपायाचा मॅनेजर व्हायला याहून जास्त परीक्षा लागतात.

पण या सगळ्या ठिकाणी एक नियम समान होता. खाल्ले की बिल, बिल की पैसे. उधारी बंद. मुंबईत उधारीवर जेवायला घालणारी जागा एकच होती, आणि तिला पाटीच नव्हती. ती म्हणजे खानावळ.

हे मला परळ शाखेत येईपर्यंत नीट कळले नव्हते, आणि कळायला हवे होते, कारण माझे वडीलच खानावळीत वाढले. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये कावसजी दावरांनी उभारायला घेतली. पुढे गिरण्या वाढल्या तशी कोकणातून, घाटावरून माणसे आली. बायकामुले गावी. चाळीतल्या एका खोलीत दहा-पंधरा बाप्ये, तेही पाळीपाळीने झोपायचे. त्यांना जेवायला घालायच्या त्या खानावळवाल्या. पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी चूल पेटायची, आणि शेवटचे ताट उठायला मध्यरात्र. जेवणाऱ्याला म्हणायचे मेंबर. मेंबर महिन्याचे पैसे पगार झाल्यावर देणार. एखाद्या वेळी जेवायला आला नाही, तर तेवढे पैसे वजा. त्या वजाबाकीला म्हणत खाडा.

आता हिशेब बघा. मेंबर पैसे देणार महिनाअखेरीला, पण तांदूळ लागणार रोज. म्हणून ती बाई वाण्याकडून उधार आणायची आणि सावकाराला व्याज द्यायची. म्हणजे गिरणीवाल्याने दाबून ठेवलेला महिन्याचा पगार तीच आगाऊ देत होती! १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी तिला बँकेची पायरी माहीत नव्हती, आणि बँकेला तिचा जिना. १९७३-७४ च्या गिरणी संपात मेंबरांची देणी थकली आणि खानावळवाल्या कर्जात रुतल्या. तेव्हा प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. बायकांचे गट केले, एकीची हमी दुसरीने घेतली, आणि राष्ट्रीयीकृत बँकेतून त्यांना कर्ज मिळवून दिले. प्रेमाताईंचे पती दादा पुरव म्हणजे आम्हा बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे पुढारी. त्यामुळे ही हकीकत मला युनियनच्या सभेत ऐकायला मिळाली. नाहीतर आमच्याकडे सभेत महागाई भत्त्यापलीकडे काही ऐकू येत नाही.

वडील जेवत ती मावशी लालबागची. तिनेही त्या काळात बँकेचे कर्ज काढून दोन मोठे टोप घेतले होते, असे वडील सांगत. मग १८ जानेवारी १९८२ ला मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. मी तेव्हा गावी, आईच्या मांडीवर, सहा महिन्यांचा. दोन-तीन महिने गेल्यावर वडिलांना ताटावर बसायची लाज वाटू लागली. एक दिवस म्हणाले, "मावशी, आजपासून रात्रीचा खाडा धर."

मावशी म्हणाली, "खाडा धरायला माणूस गावाला गेलेला असावा लागतो. तू तर समोर बसलायस. जेव."

पुढे वडिलांनी युक्ती केली. जेवणाच्या वेळी आर्थर रोडपर्यंत चालत जायचे आणि उशिरा परतायचे. तर दारात ताट झाकून ठेवलेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या एकेक करून मिटत गेल्या, आणि वडील १९८३ च्या पावसाळ्याआधी ट्रंक उचलून गावी आले ते कायमचे.

वडील गेल्यावर त्या ट्रंकेत वही सापडली. पेन्सिलीने लिहिलेले 'मावशीचे देणे', आणि पुढे ३१२ रुपये. मी कारकून पडलो. बचत खात्याच्या जुन्या चार टक्क्यांनी चाळीस वर्षांचे चक्रवाढ व्याज काढले. १४९७ रुपये ९२ पैसे. पाचशेच्या तीन नोटा पाकिटात घातल्या आणि २०२३ मध्ये परळला बदली झाल्यावर पहिल्याच आठवड्यात लालबागला गेलो.

चाळीच्या जागी टॉवर. पण मागच्या गल्लीत एका गाळ्यात सात-आठ टेबले, आणि गल्ल्यावर मावशीची सून. मावशी केव्हाच गेलेली. मी ओळख सांगितली, वही दाखवली, पाकीट पुढे केले. व्याजाची पद्धतही समजावून सांगत होतो, तिने मध्येच थांबवले.

"त्या सालच्या वह्या सासूबाईंनी बंबात घातल्या. म्हणाल्या, ठेवल्या तर कुणाचं तरी नाव वाचावंसं वाटेल. वही नाही तर पैसे कसले घेऊ? बसा, जेवून जा."

बांगड्याचे तिखले, तांदळाची भाकरी, सोलकढी. वडील वर्षानुवर्षे ज्या चवीचे वर्णन करत आणि आई ज्या वर्णनावर दर वेळी नाक मुरडत असे, ती चव. मी डोळे पुसले. तिखलेच तसे होते. हात धुऊन निघालो, तर तिने गल्ल्यावरच्या क्यूआर कोडकडे बोट केले.

"ताटाचे एकशेवीस. ते मात्र द्या."

मोबाईल काढला. आमच्याच बँकेचा सर्व्हर बंद. पाकिटातली नोट पुढे केली, तर तिच्याकडे सुट्टे नाहीत. पाच मिनिटे आम्ही दोघे त्या फिरत्या चकतीकडे बघत राहिलो. मागे जेवणारे खोळंबले.

"राहू द्या, उद्या द्या," ती म्हणाली, आणि गल्ल्याखालून एक लांबट वही काढली. "नाव सांगा."

दुसऱ्या दिवशी मी पैसे देऊन टाकले आणि महिन्याचा मेंबर झालो. सौ.ला अजून सांगितलेले नाही; तिचा डबा अकरा वाजता संपतोच. रविवार, आणि दुसरा नि चौथा शनिवार, यांचा खाडा धरतात.