डोळ्यांतला तिसरा पहारेकरी

आज लढाईची गोष्ट नाही. एका शोधाचा इतिहास आहे, आणि त्यात माझी एक चूकही आहे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माझ्या पलटणीतल्या एका नाईकाचे दोन्ही डोळे सुरुंगाच्या स्फोटात गेले. ते काढावेच लागले. पुढे मी त्याला भेटायला घरी गेलो, तेव्हा त्याची बायको म्हणाली, "साहेब, काही दिवस नीट झोपतात. मग काही दिवस रात्रभर जागे आणि दिवसा झोप." मी त्याला शिस्तीचे चार शब्द सुनावले. मनात म्हटलं, गडी खचलाय. अंधाचं झोपेचं चक्र असं का सरकतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

आपल्या मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या वर, तांदळाच्या दाण्याएवढं एक केंद्र आहे. तेच शरीराचं घड्याळ. बहुतेकांचं हे घड्याळ 24 तासांपेक्षा किंचित जास्त वेळ घेतं. म्हणून ते रोज सूर्यप्रकाशाशी जुळवावं लागतं. प्रश्न असा होता, की प्रकाशाची खबर त्याला देतं कोण?

दृष्टिपटलावर दंडाच्या आणि शंकूच्या आकाराच्या पेशी असतात, हे दीडशे वर्षं पक्कं मानलेलं. खबर तेच देणार, असं सगळे समजून होते. खरं तर 1920च्या दशकात अमेरिकेत क्लाइड कीलर यांना आंधळ्या उंदरांच्या बाहुल्याही उजेडात लहान होताना दिसल्या होत्या. पण तो धागा पुढे फारसा कुणी धरला नाही.

1991 मध्ये रसेल फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की दृष्टिपटल झिजलेले उंदीरसुद्धा उजेडाप्रमाणे आपलं घड्याळ जुळवतात. नेत्रतज्ज्ञांचा विश्वास बसेना. इतकी वर्षं डोळा तपासतोय, एक अख्खी पेशी नजरेतून सुटेल कशी? 1999 मध्ये फॉस्टर यांच्या गटाने दोन्ही प्रकारच्या पेशी नसलेले उंदीर घेतले. घड्याळ तरीही जुळलं. डोळे काढल्यावर मात्र जुळेना. म्हणजे खबर देणारा डोळ्यातच होता, फक्त ओळखीचा नव्हता.

मधल्या काळात, 1995 मध्ये, हार्वर्डच्या चार्ल्स झाइस्लर यांच्या गटाने 11 अंध माणसांवर प्रखर प्रकाश टाकला. तिघांच्या रक्तातलं मेलाटोनिन, म्हणजे रात्रीचं संप्रेरक, कमी झालं. त्यांतल्या दोघांचे डोळे झाकून पाहिलं, तेव्हा ते कमी झालं नाही.

इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ यांना 1998 मध्ये बेडकाच्या त्वचेत मेलानॉप्सिन हे प्रकाश ओळखणारं प्रथिन सापडलं. 2000 मध्ये तेच माणसाच्या दृष्टिपटलाच्या आतल्या थरात मिळालं. मग 2002 मध्ये ब्राउन विद्यापीठाच्या डेव्हिड बर्सन यांनी उंदरांच्या मेंदूतल्या त्या केंद्रात रंगद्रव्य टोचलं. ते नसांमधून उलट्या दिशेने डोळ्यात पोचलं आणि काही मोजक्या पेशी उजळल्या. बाकीच्या पेशींचे संदेश तोडले, तरी त्या प्रकाशाला, विशेषतः निळसर प्रकाशाला, स्वतःहून प्रतिसाद देत राहिल्या. तिसरा पहारेकरी सापडला! पुढच्याच वर्षी समेर हत्तार आणि आपल्या ओडिशात जन्मलेले सच्चिदानंद पांडा या दोघांच्या गटांनी वेगवेगळं दाखवलं, की तिन्ही बंद केले तर उंदराला प्रकाशाचा पत्ताच लागत नाही.

याचा अर्थ साधा आहे. दिसत नसलं तरी डोळा वेळ सांगत असू शकतो. म्हणून निकामी वाटणारा डोळा काढण्याआधी ही गोष्टही विचारात घ्यावी लागते. आणि डोळेच नसतील, तर ठरलेल्या वेळी मेलाटोनिन देऊन घड्याळ जुळवता येतं, हेही 2000 मध्ये दिसून आलं. अर्थात, ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

माझा नाईक तोपर्यंत राहिला नव्हता. त्याच्या शिस्तीत काहीच खोट नव्हती. त्याचा पहारेकरी सुरुंगाने नेला होता. तुमच्या घरात कुणी अंध असेल आणि त्याची झोप अशी सरकत असेल, तर त्याला बोल लावू नका. डॉक्टरांना आधी विचारा. मी विचारलं नाही.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.