फुकटचा ब्राउझर आणि बंद दारं : मायक्रोसॉफ्टच्या स्पर्धानीतीचा इतिहास



आजचा विषय एरवी व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात शिकवला जातो. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तरी हा विषय घेतला, कारण मायक्रोसॉफ्टच्या इतिहासात एक जुना तात्त्विक प्रश्न दडलेला आहे. कोणीही अडवलेलं नसताना माणसानं केलेली निवड ही दरवेळी स्वतंत्र निवड असते का?

सुरुवात १९८० पासून करू. आयबीएमला आपल्या नव्या वैयक्तिक संगणकासाठी ऑपरेटिंग सिस्टीम हवी होती, म्हणजे यंत्राचा सगळा कारभार पाहणारी मूळ प्रणाली. मायक्रोसॉफ्टकडे ती तयार नव्हती. तिनं सिएटलमधल्या एका छोट्या कंपनीची प्रणाली एक लाख डॉलरपेक्षा कमी रकमेत विकत घेतली, सुधारली आणि आयबीएमला वापरायला दिली. खरी हुशारी मात्र करारात होती. इतरांनाही ती विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टनं स्वतःकडे ठेवला. पुढे कॉम्पॅकसारख्या कंपन्या आयबीएमच्या यंत्राशी जुळणारे संगणक बनवू लागल्या. त्या प्रत्येकीला डॉस लागणारच होतं. यंत्रं विकणारे आपसात भांडत राहिले आणि प्रत्येक भांडणातून मायक्रोसॉफ्टला पैसे मिळत गेले.

आता एक आकडा बघा. आयबीएमच्या यादीत ग्राहकाला दुसरा पर्यायही होता, डिजिटल रिसर्च कंपनीची सीपी/एम-८६ ही प्रणाली. तिची किंमत २४० डॉलर होती, आणि डॉसची ४०. कागदावर निवड पूर्ण खुली होती. लोकांनी काय घेतलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

पण किंमत कमी ठेवणं यात गैर काय? काहीच नाही. म्हणून पुढची पायरी महत्त्वाची आहे. मायक्रोसॉफ्टनं संगणक बनवणाऱ्यांशी असे करार केले, की विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे पैसे द्यायचे, मग त्या यंत्रात डॉस असो वा नसो. म्हणजे दुसऱ्याची प्रणाली बसवायची तर निर्मात्यानं दोनदा पैसे मोजायचे. अमेरिकी सरकारशी १९९४ मध्ये झालेल्या समझोत्यात ही पद्धत सोडावी लागली. तोवर जम बसलेला होता.

१९९५ हे वर्ष या कथेचं नाक आहे. ९ ऑगस्टला नेटस्केपचा शेअर बाजारात आला. २८ डॉलरला विकायला काढलेला शेअर त्याच दिवशी ५८ डॉलरच्या वर बंद झाला. पंधरा दिवसांनी, २४ ऑगस्टला, विंडोज ९५ आलं. जाहिरातीत रोलिंग स्टोन्सचं गाणं, दुकानांबाहेर मध्यरात्री रांगा, आणि लंडनमध्ये त्या दिवशीचा 'द टाइम्स' मायक्रोसॉफ्टच्या खर्चानं वाचकांना फुकट. एखाद्या सणासारखा थाट होता. पण मे महिन्यातच बिल गेट्स यांनी आपल्या सहकाऱ्यांना लेखी बजावलं होतं, की इंटरनेट ही सगळ्यात मोठी लाट आहे.

नेटस्केपची भीती का वाटावी? ब्राउझरच्या विक्रीतून मिळणारे पैसे मायक्रोसॉफ्टच्या दृष्टीनं किरकोळ होते. भीती वेगळीच होती. उद्या लोकांची सगळी कामं ब्राउझरमधून होऊ लागली, तर खाली विंडोज आहे की दुसरं काही, याला महत्त्व उरणार नाही. घराचा मालक भाडेकरूला घाबरत नाही. पण भाडेकरूनं गच्चीवर स्वतंत्र जिना बांधला, तर मालकाचा दरवाजा निरुपयोगी होतो. नेटस्केप तो जिना बांधत होतं.

मग इंटरनेट एक्सप्लोरर फुकट वाटला गेला आणि विंडोजमध्येच गुंफला गेला. १९९६ मध्ये कॉम्पॅकनं काही यंत्रांवरून त्याचं चिन्ह काढलं, तेव्हा विंडोजचा परवानाच रद्द करण्याची धमकी तिला मिळाली. त्याच वर्षी मार्चमध्ये एओएलनं आधी नेटस्केपशी करार केला, आणि दुसऱ्याच दिवशी मायक्रोसॉफ्टशी. एओएलला विंडोजच्या पडद्यावर जागा मिळाली आणि एओएलच्या लाखो ग्राहकांपुढे एक्सप्लोरर आपोआप येऊ लागला. नेटस्केप वापरायला कोणालाही मनाई नव्हती. फक्त ते शोधून, मंद फोनलाइनवरून उतरवून घ्यावं लागे. एवढा खटाटोप किती जण करणार?

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. एक्सप्लोररच्या नंतरच्या आवृत्त्या खरोखर चांगल्या होत्या, आणि फुकट मिळाल्याचा फायदा सामान्य माणसाला झाला. म्हणूनच न्यायालयाचा निवाडा वाचण्यासारखा आहे. सरकारनं मे १९९८ मध्ये खटला भरला. जून २००० मध्ये न्यायाधीश जॅक्सन यांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. वर्षभरानं अपील न्यायालयानं तो रद्द केला, पण मायक्रोसॉफ्टनं आपली मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवली, हा निष्कर्ष कायम ठेवला. ब्राउझर फुकट देणं हा गुन्हा नाही, असंही त्या न्यायालयानं म्हटलं. दोष होता संगणक निर्मात्यांचे हात बांधणाऱ्या अटींमध्ये. आपला माल चांगला किंवा स्वस्त करणं ही स्पर्धा. दुसऱ्याचा माल ग्राहकापर्यंत पोचूच न देणं ही स्पर्धा नव्हे.

आयझाया बर्लिन यांनी १९५८ मध्ये ऑक्सफर्डच्या व्याख्यानात स्वातंत्र्याचे दोन अर्थ वेगळे केले होते. एक, कोणी आड न येणं. दुसरा, स्वतःच स्वतःचा धनी असणं. ग्राहकाच्या आड कोणी आलं नाही. पण त्याच्यासमोर काय ठेवायचं, हे त्याच्या आधीच कोणीतरी ठरवलं होतं. आपली सवय आणि आपला आळस यांचाही बाजारभाव असतो, हे मायक्रोसॉफ्टनं ओळखलं.

तो भाव पुढे वाढतच गेला. शोधयंत्र म्हणून आपलं नाव आधीपासून बसवलेलं असावं, यासाठी गूगलनं २०२१ या एका वर्षात २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलला दोषी ठरवलं. आपल्याकडेही भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये, अँड्रॉइड फोनमध्ये आपली ॲप्स आधीच बसवून देण्याच्या अटींवरून, गूगलला १,३३७ कोटी रुपयांहून अधिक दंड केला.

तेव्हा आज घरी गेल्यावर आपापला फोन उघडा आणि मोजा : त्यातल्या किती गोष्टी तुम्ही स्वतः निवडल्या, आणि किती आधीच तिथं बसलेल्या होत्या? दुसरा आकडा मोठा निघाला, तर ती सोय आहे की आणखी काही, याचा विचार करा. पुढच्या वेळी आपण आयबीएमकडे वळू. १९६९ मध्ये तिनं यंत्र आणि सॉफ्टवेअर यांच्या किमती वेगळ्या का केल्या, ते पाहू. आज इथेच थांबतो.