चाल वहीत कशी उतरली

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या पाथर्डीत लहानपणी माझ्या घराच्या मागच्या गल्लीत एक भजनी मंडळ बसायचे. एकादशीच्या आदल्या रात्री पखवाजाला कणीक लावल्याचा आवाज आला की मी जेवण टाकून पळायचो. शेखाचा पोरगा म्हणून कुणी अडवले नाही. उलट टाळांची एक जोडी माझ्यासाठी बाजूला ठेवलेली असे. पेटीवर एक अण्णा बसत. त्यांना चाळीसेक चाली येत होत्या आणि त्यांतल्या काही त्यांच्या आजोबांपासूनच्या होत्या.

मी तेव्हापासूनच वहीत लिहिणारा. अण्णांचे सगळे अभंग मी उतरवून घेतले. एकदा म्हटले, ‘अण्णा, चालही लिहून घेऊ का?’ ते हसले. ‘आरं, चाल कुठं लिव्हत असत्यात? गळ्यात धर.’ मी गळ्यात धरली नाही. अण्णा गेले, आणि वहीत नुसते शब्द राहिले.

चाल लिहिता येते हे मला बी.ए. झाल्यावर कळले. त्यासाठी आधी थोडी तोंडओळख हवी. सा रे ग म प ध नि हे सात स्वर सगळ्यांना ठाऊक असतात. वरच्या सा ची कंपने खालच्या सा च्या बरोबर दुप्पट असतात. खालचा सा सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर वरचा ४८०, आणि मधला प ३६०. म्हणून सा आणि प एकत्र लावले की कानाला इतके गोड लागतात. हे दोघे अचल, जागचे हलत नाहीत. रे, ग, ध, नि हे चौघे खाली उतरून कोमल होतात, म एकटा वर चढून तीव्र होतो. सात आणि पाच मिळून बारा. पेटीच्या एका सप्तकातल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजा, बाराच भरतील. आमचे बुवा ‘काळी एक’मध्ये गात, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला सा मानत. सा कुठेही धरा, बाकीचे त्याच्यामागून अंतर राखून येतात.

दुसरी बाजू तालाची. मात्रा म्हणजे काळाचा एक तुकडा. आम्ही कवी लघूची एक आणि गुरूची दोन मात्रा मोजतो, तोच हा हिशेब. तीनतालाच्या १६, केरव्याच्या ८, दादऱ्याच्या ६. पहिली मात्रा सम. गवई कुठेही भटकून आला तरी समेवर येतो, तेव्हा ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते.

हे कागदावर आणण्याचा खटाटोप आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात सुरू झाला, आणि त्यातले एक मोठे नाव आज फार थोड्यांना आठवते. मौलाबक्ष. जन्म १८३३ चा. त्यांनी दक्षिणेत म्हैसूरला जाऊन कर्नाटक संगीतही जाणून घेतले. पुढे बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ मध्ये गायनशाळा निघाली, ती त्यांच्या हाताखाली. त्यांनी स्वतःची स्वरलिपी बसवली. घराण्याबाहेर चीज जाऊ न देण्याच्या त्या काळात एक मुसलमान उस्ताद कुणाच्याही पोराला फळ्यावर गाणे लिहून शिकवत होता! १८९६ मध्ये ते गेले. त्यांचे नातू इनायत खाँ पुढे युरोप-अमेरिकेत सूफी विचार घेऊन गेले, म्हणून आजोबांचे नाव कधीमधी निघते.

त्यानंतर आपली दोन मराठी माणसे. विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने दृष्टी अधू झाली, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले आणि १९०१ मध्ये थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. दुसरे विष्णु नारायण भातखंडे. मुंबईचे वकील, माझ्यासारखेच बी.ए. (साम्य तेवढेच). ते गावोगाव, संस्थानोसंस्थानी फिरले. उस्तादांसमोर बसून बंदिशी मिळवल्या, रामपूरच्या वझीर खाँचे शिष्यत्व घेतले. काही उस्तादांनी मन मोठे केले, काहींनी दार लावले. ज्यांच्या घरात हेच पोटापाण्याचे साधन, त्यांचा राग मला समजतो. पण भातखंड्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग केले नसते तर त्यांतले किती टिकले असते, हेही विचारावे लागते.

त्यांची लिपी एका दुपारात वाचायला येते. कोमल स्वराखाली आडवी रेघ. तीव्र म च्या डोक्यावर उभी रेघ. मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. समेला फुली, खालीला शून्य. बस्स! पलुस्करांची चिन्हे वेगळी, आणि दोन्ही संप्रदायांचे विद्यार्थी आपापलीच बरी म्हणतात. मी त्या भांडणात पडत नाही.

अर्थात रेघ-टिंबात सगळे मावत नाही. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, कागदावर कमानीसारखी काढतात, पण कशी घसरायची ते गुरूच्या गळ्यातच असते. बारांच्या फटीत आपले जुने ग्रंथ २२ श्रुती सांगतात. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी अब्दुल करीम खाँच्या गळ्याचा आधार घेऊन त्या मोजण्याची खटपट केली आणि १९१० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पेटीला त्या फटी दाखवता येत नाहीत. याच कारणाने १९४० पासून रेडिओवर पेटीला बंदी होती, ती १९७१ पर्यंत. आज मी रेडिओवरूनच पेटीचे गुण गातो आहे. अण्णांना हे सांगितले असते तर त्यांनी पेटी मिटून ठेवली असती की रेडिओ, कुणास ठाऊक.

गेल्या पावसाळ्यापासून मी आणि माझी भाची एका चालीच्या मागे आहोत. ती पेटीवर, मी आठवणीवर. त्या मंडळातले एक टाळकरी अजून आहेत, ऐंशीच्या घरातले. ऊसतोडीला गेलेला त्यांचा मुलगा दिवाळीत घरी आला होता, त्याने त्यांना खाटेवर बसते केले. ते गुणगुणतात, भाची पट्टी शोधते, मी रेघ आणि टिंब मांडतो. ध्रुवपद मिळाले, पहिल्या चरणाचे तीन तुकडे मिळाले. चौथ्याला म्हातारबाबा दर वेळी वेगळा सूर लावतात. कधी कोमल नि, कधी शुद्ध. दोन्ही लिहून ठेवले आहेत.