सुप्याची वही ते सिबिल: आपली पत कोण लिहितो?

नवी मुंबईत घर शोधायला निघालेल्या माणसाला एजंट पगार नंतर विचारतो, आधी विचारतो, ‘सिबिल किती आहे?’ खारघर, उलवे, तळोजा, कुठेही जा. सिबिल हे खरं तर एका कंपनीचं नाव. पण झेरॉक्ससारखं ते आता त्या आकड्याचंच नाव होऊन बसलं आहे. २०२५च्या फेब्रुवारीत मूर्तिजापूरला मुलाचं सिबिल खराब निघालं म्हणून ठरत आलेली सोयरीक मोडल्याची बातमी आली, तेव्हा लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं फारसं दिसलं नाही. मराठीत ‘पत’ या शब्दाला उधारी मिळवण्याची ताकद आणि माणसाची अब्रू असे दोन्ही अर्थ आधीपासून आहेत. पूर्वी ती गावाच्या तोंडी असायची, आता ३०० ते ९०० मधल्या एका आकड्यात मावते.

माणसाची पत कुणीतरी लिहून ठेवतो, यात नवं काही नाही. ज्याच्याबद्दल लिहिलं आहे त्याला ते वाचता यावं, हे मात्र नवं आहे. आपल्या मुलखात ही मागणी मोठ्या आवाजात पुढे आली ती दीडशे वर्षांपूर्वी.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे. बाजाराच्या गावात आसपासचे शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चाल केली. धान्य लुटलं, कापड लुटलं. पण त्यांना सगळ्यात आधी हव्या होत्या वह्या आणि कर्जरोखे. ते बाहेर काढून जाळले गेले. उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरला. माणसांवर हात टाकण्याचे प्रकार त्या मानाने कमी झाले. राग होता तो कागदावर.

कारणं शाळेच्या पुस्तकात वाचलेली असतात. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ला संपलं, कापसाचा भाव उतरला, त्यात सरकारने शेतसारा वाढवला. पण कागदाची गोष्ट वेगळी आहे. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती. हेतू चांगला, व्याज साचू नये हा. सावकाराने त्यातून वाट काढली. दर तीन वर्षांनी तो नवा रोखा करून घेई आणि थकलेलं व्याज नव्या मुद्दलात घाली. शेतकऱ्याला अक्षर येत नसे. खाली अंगठा किंवा नांगराची निशाणी. फेडलेल्या पैशाची पावती नाही. आपल्या नावावर काय चढलं आहे, हे कोर्टाचा कारकून दारात आल्यावर कळायचं.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. अभ्यासक त्यातल्या जप्ती-कैदेच्या कलमांवर बोलतात. माझं लक्ष मात्र एका छोट्या प्रकरणावर खिळतं. शेतकऱ्याने पैसे भरले की लेखी पावती द्यायची, वर्षाला हिशोबाचा उतारा द्यायचा, मागितल्यास पासबुक करून द्यायचं. न दिल्यास दंड. वही सावकाराकडेच राहिली, पण तिची नक्कल मागण्याचा हक्क कर्जदाराला मिळाला.

मुस्लिम वाचकांना इथे सूरह बकराची २८२वी आयत आठवेल. कुराणातली ही सर्वात लांब आयत देवाणघेवाण लिहून ठेवण्याबद्दल आहे. तिच्यावरच्या आपल्याकडच्या तकरिरी साक्षीदारांच्या संख्येपाशी अडकतात. मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. मजकूर सांगायचा अधिकार आयत कर्ज घेणाऱ्याला देते, देणाऱ्याला नाही. सुप्यात नेमकं उलटं चाललं होतं.

पत लिहिण्याचा धंदा मात्र वाढला अमेरिकेत. १८४१मध्ये न्यूयॉर्कच्या लुईस टॅपनने व्यापाऱ्यांची माहिती गोळा करून विकणारी एजन्सी काढली. पुढे सामान्य ग्राहकांच्याही फायली झाल्या. त्यांत माणूस दारू पितो का, घरात भांडणं आहेत का, असल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून उचललेल्या गोष्टीही असत. स्वतःची फाइल बघण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क तिथे कायद्याने आला १९७०मध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये इकडे सिडको स्थापन झाली आणि आमच्या शहराचे नकाशे काढले जाऊ लागले.

भारतात सुरुवात बड्या लोकांपासून झाली. १९९४पासून रिझर्व्ह बँक एक कोटी आणि त्यावरच्या थकबाकीदारांची यादी बँकांना देऊ लागली. १९९९मध्ये एन. एच. सिद्दिकी यांच्या अध्यक्षतेखालच्या कार्यगटाने माहिती ब्युरोची शिफारस केली आणि २०००मध्ये मुंबईत सिबिल उभी राहिली. कोट्यवधी बुडवणाऱ्यांसाठी सुरू झालेली नोंद काही वर्षांतच हप्त्यावर मोबाइल घेणाऱ्यापर्यंत पोचली. गोपनीयतेच्या जुन्या नियमांमुळे बँका ग्राहकाच्या संमतीशिवाय माहिती देऊ शकत नव्हत्या. ती अडचण २००५च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याने दूर केली. याच कायद्याने कर्जदाराला अहवाल मागण्याचा आणि चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्कही दिला. तरी साध्या माणसाला स्वतःचा स्कोअर पाहता येऊ लागला तो २०११मध्ये, तोही पैसे मोजून. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळू लागला जानेवारी २०१७पासून. सुप्याच्या उठावानंतर १४२ वर्षांनी.

तो कायदा डिसेंबर २००६मध्ये लागू झाला. त्याच्या दोनच आठवडे आधी सच्चर समितीचा अहवाल संसदेत मांडला गेला होता. काही बँका विशिष्ट भाग ‘निगेटिव्ह’ ठरवून तिथे कर्ज देणं टाळतात आणि असे काही भाग मुस्लिमबहुल असू शकतात, असं त्यात नोंदवलं आहे. ‘तुमच्या एरियात आम्ही देत नाही’ हे वाक्य ज्यांनी काउंटरवर ऐकलं आहे, त्यांना अहवालाची गरज नव्हती. म्हणून सिबिलला सरसकट शिव्या घालणाऱ्यांत मी नाही. अहवालात धर्माचा रकाना नसतो. मॅनेजरच्या मनातला नकाशा मागून मिळत नाही, हा कागद मिळतो, आणि त्याच्याशी भांडता येतं.

भांडावं लागतं, हेही खरं. तळोज्यात राहणाऱ्या माझ्या एका मावसभावाचं घरकर्ज एका बँकेने नाकारलं. त्याने आयुष्यात एकच कर्ज घेतलं होतं आणि ते वेळेत फेडलं होतं. अहवाल काढला तर त्यात दुसऱ्याच जिल्ह्यातलं दुचाकीचं बुडीत कर्ज. नाव तेच, आपल्यात गल्लीगणिक सापडणारं. जन्मतारीखही तीच, १ जून! महाराष्ट्रात ज्यांच्या जन्माची नोंद नव्हती, त्यांना गुरुजींनी शाळेत घालताना सर्रास १ जून लावला. एका पिढीची अर्धी बिरादरी त्याच दिवशी जन्मली आहे. त्या जुन्या कर्जाला पॅन जोडलेला नव्हता, त्यामुळे दोन माणसांचा एक माणूस झाला. शेख, शैख, एस. के., मोहम्मद, मोहं., महंमद अशी नावाची रूपं प्रत्येक कागदावर वेगळी असली की हे होणारच. तक्रारीनंतर ते खातं निघालं; तोवर बिल्डरची मुदत टळून गेली होती.

त्याने अहवाल वर्षभर आधी पाहिला असता तर? आमच्या मोहल्ल्यांत नजर ठेवण्याची ही सवय अजून लागलेली नाही. ‘बघितलं की स्कोअर कमी होतो’ अशी एक अफवा आहे. ती खोटी आहे. स्वतः पाहिल्याने काही होत नाही. कर्जासाठी दहा ठिकाणी अर्ज केले की त्या चौकशा नोंदल्या जातात. देशात अशा कंपन्या चार आहेत, सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क, आणि चारही वर्षातून एक अहवाल फुकट देतात. आकड्यापेक्षा खालचा तपशील वाचावा. अनोळखी खातं, चुकीचा पत्ता, फेडलेल्या कर्जापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा. ‘सेटल्ड’ म्हणजे तडजोड करून कमी पैशांत मिटवलेलं, ‘क्लोज्ड’ म्हणजे पूर्ण फेडलेलं. वसुलीवाला फोनवर हा फरक सांगत नाही. तक्रार ३० दिवसांत न सुटल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४पासून लागू आहे. आपला अहवाल कुणी पाहिला तर एसएमएस किंवा ईमेल यायला हवा, हेही त्याच नियमात. दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सप्टेंबर २०२२पासून या कंपन्या त्याच्या कक्षेत आहेत.

शेतकऱ्याच्या वाट्याला पुन्हा तोच प्रश्न आला आहे. पीककर्जासाठी सिबिलची सक्ती करणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करू, असा इशारा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना मे २०२५मध्ये बँकर्स समितीच्या बैठकीत द्यावा लागला.

आणि ज्यांच्या नावावर काहीच लिहिलेलं नाही, त्यांचं काय? व्याज नको म्हणून आयुष्यभर कर्ज आणि क्रेडिट कार्डापासून लांब राहिलेली कुटुंबं आपल्यात पुष्कळ आहेत. वाशीच्या एपीएमसीत शब्दावर हजारोंचा माल उचलणारा आणि संध्याकाळी चुकता करणारा फळवाला आहे. बाजारात त्याची पत पक्की, अहवालात कोरी. अशा माणसाच्या नावापुढे जुन्या पद्धतीत ‘उणे एक’ येत असे, आणि काउंटरवरचा माणूस ते वाईट गुण समजून अर्ज परत करी. केवळ पतइतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेच्या ६ जानेवारी २०२५च्या निर्देशात आहे. किमान स्कोअरची कुठलीही अट रिझर्व्ह बँकेने घातलेली नाही, हेही अर्थ राज्यमंत्र्यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेत लेखी सांगितलं. शाखेत अर्ज द्यायला जाताना या दोन्हींची छापील प्रत सोबत न्यावी, आणि नकार मिळाला तर तो लेखी मागावा.