१४२८५७ (संख्या)

१४२८५७ ही दशमान पद्धतीतील एक सहा अंकी विषम संख्या आहे. १ ला ७ ने भागले असता ०.१४२८५७१४२८५७… असा आवर्ती दशांश अपूर्णांक मिळतो. त्यात पुन्हा पुन्हा येणारा अंकगट म्हणजेच ही संख्या होय. चक्रीय संख्या म्हणून ती प्रसिद्ध असून महाराष्ट्रातील गणितज्ञ द. रा. कापरेकर यांनी अभ्यासलेल्या दोन संख्याप्रकारांतही तिचा समावेश होतो.

चक्रीय गुणधर्म

या संख्येला २ ते ६ यांपैकी कोणत्याही अंकाने गुणले असता तेच सहा अंक त्याच क्रमाने, परंतु निराळ्या स्थानापासून सुरू होतात.

१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२

७ ने गुणल्यास मात्र ९९९९९९ हा गुणाकार येतो.

याचे कारण भागाकाराच्या रीतीत आहे. १ ला ७ ने भागताना ३, २, ६, ४, ५, १ अशा क्रमाने बाक्या उरतात; म्हणजे शून्याखेरीज शक्य असलेल्या सर्व बाक्या एकाच चक्रात येतात. त्यामुळे २/७ चा भागाकार हा त्याच चक्राचा, बाकी २ पासून सुरू होणारा भाग ठरतो. १३ या मूळ संख्येच्या बाबतीत असे घडत नाही. १/१३ च्या चक्रात बारापैकी सहाच बाक्या येतात. म्हणून ०७६९२३ ची दुप्पट १५३८४६ होते व अंक बदलतात. १/१७ पासून मात्र ०५८८२३५२९४११७६४७ ही सोळा अंकी चक्रीय संख्या मिळते.

कापरेकर संख्या

एखाद्या संख्येच्या वर्गाचे दोन भाग करून त्यांची बेरीज केल्यास मूळ संख्याच मिळत असेल, तर तिला कापरेकर संख्या म्हणतात.

१४२८५७² = २०४०८१२२४४९
२०४०८ + १२२४४९ = १४२८५७

हा योगायोग नाही. १४२८५७ × ७ = ९९९९९९ आणि १४२८५६ = ७ × २०४०८ असल्याने १४२८५७ × १४२८५६ हा गुणाकार ९९९९९९ × २०४०८ एवढा होतो. त्यात १४२८५७ मिळवले की वर्ग मिळतो. ९९९९९९ म्हणजे दहा लाख उणे एक; म्हणून वर्गाच्या डाव्या भागात २०४०८ आणि उजव्या भागात १४२८५७ − २०४०८ = १२२४४९ उरतात.

अवयव

१४२८५७ = ३³ × ११ × १३ × ३७. तिच्या अंकांची बेरीज २७ असून २७ ने तिला निःशेष भाग जातो (१४२८५७ ÷ २७ = ५२९१). अशा संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद संख्या’ असे नाव दिले.

कापरेकर व त्यांचे कार्य

डहाणू येथे १९०५ साली जन्मलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळाली येथे शालेय शिक्षक होते. पदव्युत्तर पदवी नसतानाही त्यांनी संख्यांच्या गुणधर्मांवर आयुष्यभर संशोधन केले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यानंतर हे कार्य जगभर परिचित झाले. ६१७४ हा ‘कापरेकर स्थिरांक’ही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.