शेतीसाठी बांधलेले तलाव, पक्ष्यांचा आसरा

बेंगळुरू : महादेवपुरा आज माहिती तंत्रज्ञान कंपन्यांमुळे ओळखला जातो. येथील तलाव मात्र नैसर्गिक नसून शेतीसाठी बांधलेले आहेत. कन्नडमध्ये ‘केरे’ म्हटले जाणारे हे तलाव ओढे अडवून साखळीने बांधण्यात आले. वरच्या तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात उतरे, बांधाखाली भात पिके. उथळ पाणी, काठचे गवत आणि भातखाचरे यांत पाणपक्ष्यांना खाद्य व निवारा मिळे.

शेतांच्या जागी इमारती आल्या, तशी तलाव राखणारी माणसे पांगली आणि पाण्याऐवजी सांडपाणी वाहू लागले. वर्तूर तलावाचा फेस व बेळ्ळंदूर तलावाला २०१७ मध्ये लागलेली आग देशभर गाजली.

सर्जापूर रस्त्यावरील सुमारे ४८ एकरांच्या कैकोंड्रहळ्ळी तलावाची गोष्ट वेगळी. महापालिका व रहिवाशांनी २००९पासून त्याचे पुनरुज्जीवन हाती घेतले. जनावरांसाठी गवत कापणाऱ्यांना व मच्छीमारांना तेथून हटवण्यात आले नाही. चालण्याच्या मार्गापेक्षा हा निर्णय अधिक मोलाचा. टिबुकली, वारकरी, पाणकावळे, बगळे आता तेथे दिसतात.

काठ मोकळा राहिला तरच हे टिकेल. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये तलावांभोवती ७५ मीटरचे बांधकाममुक्त क्षेत्र ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो आदेश रद्द केला. त्यामुळे शहराच्या विकास आराखड्यातील ३० मीटरचीच मर्यादा कायम राहिली.